सपाट तळपाय आणि एका पायावरचा तोल

तळपायाच्या आतल्या कडेला, टाचेपासून अंगठ्याच्या बुंध्यापर्यंत, जी कमान असते ती शरीराचा भार पडताच खाली बसून जवळजवळ सगळा तळवा जमिनीला टेकत असेल, तर त्या पावलाला सपाट पाऊल म्हणतात. वृक्षासनात किंवा गरुडासनात ज्यांचा घोटा पुन्हा पुन्हा आत कलतो, त्यांनी आपल्या एकाग्रतेला दोष देण्याआधी तळवा तपासून पाहणे योग्य ठरते. फरशीवर उमटलेल्या ओल्या ठशावरून पाऊल सपाट आहे एवढेच कळते, ते लवचीक आहे की ताठर हे कळत नाही, आणि साधकाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान उमटली तर पाऊल लवचीक समजावे, कारण बोटे वर वळताच टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा ताणला जाऊन कमान उचलतो. तरीही ती उमटत नसेल, तर हाडे जन्मतः परस्परांशी जोडलेली असण्याची शक्यता राहते आणि तिथे व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते.

घेरंडसंहितेत सांगितलेल्या ३२ आसनांत वृक्षासन आहे, परंतु एक पाऊल दुसऱ्या मांडीच्या मुळाशी ठेवून झाडासारखे उभे राहावे यापलीकडे, जमिनीवरच्या तळव्याने नेमके काय करावे, याचा उल्लेख त्या श्लोकात नाही. ही उणीव पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या शिकवणीने मोठ्या प्रमाणात भरून काढली, कारण १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथापासूनच ताडासनात दोन्ही पावलांवर भार कसा वाटला जातो याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि भिंतीसारख्या आधारालाही साधनेत मानाचे स्थान दिले. सपाट पावलात टाच बाहेर झुकते, नडगी आत वळते आणि गुडघाही तिच्यामागे जातो, म्हणून भार टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा या तीन बिंदूंवर ठेवून, बोटे न आवळता, अंगठ्याचा बुंधा हळूच टाचेकडे ओढल्यास कमान थोडी उचलली जाते. बोटांनी जमीन घट्ट पकडण्याची सवय मात्र सोडावी, कारण तिने बोटे आखडतात आणि तळव्याचे लहान स्नायू दुबळेच राहतात. तोल केवळ पावलाचाही नसतो. उभ्या पायाच्या बाजूचा नितंबाचा स्नायू ढिला असला की कंबर एका बाजूला कलते आणि घोट्याला तो दोष सावरावा लागतो.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे आणि मोरजीच्या किनाऱ्यांवर चालणारा योगाभ्यास कितीही रमणीय असला तरी, मऊ वाळू भाराखाली दबत असल्यामुळे आत कलणाऱ्या घोट्याला तिथे आधार मिळत नाही, आणि म्हणून घराची टणक जमीन व हाताशी असलेली भिंत नवशिक्यासाठी अधिक उपयोगी आहे.

मणिपाल येथील राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २,३०० मुलांच्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. एवढ्यावरून पादत्राणे हेच कारण सिद्ध होत नसले, तरी लहान मुलांना घरात व अंगणात अनवाणी खेळू द्यावे याला त्यातून बळ मिळते.

मोठ्यांच्या बाबतीत चिंतेची बाब वेगळी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात नोंदले गेले, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्याची संवेदना मंदावल्यावर तोल सांभाळणारी एक महत्त्वाची खूणच हरपते. अशा व्यक्तीचे पाऊल अचानक सुजून, उष्ण होऊन सपाट होऊ लागले, तर वेदना नसली तरीही त्यावर भार टाकणे ताबडतोब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि मधुमेह नसतानाही घोट्याच्या आतल्या बाजूला दुखून सूज येत असेल व एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे जमेनासे झाले असेल, तर कमान तोलून धरणारी स्नायूची दोरी झिजत असू शकते, म्हणून तपासणी होईपर्यंत एका पायावरची आसने थांबवावीत.