हिवरे बाजार : एका दृष्टिक्षेपात

ठिकाण : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा, नगर तालुका. पर्जन्यछायेचा, अवर्षणप्रवण पट्टा.

लोकसंख्या : 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबाराशे. 1972 च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबांनी मजुरीसाठी गाव सोडले होते. पाणी आल्यावर त्यांतली बरीच परतली.

परिचित नाव : पोपटराव पवार. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, क्रिकेटची आवड असलेले हे तरुण 1989 मध्ये बिनविरोध सरपंच झाले. पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेची धुराही त्यांनी सांभाळली. 2020 मध्ये पद्मश्री.

गावाचे नियम : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. शेतीसाठी बोअरवेल नाही. जमीन बाहेरच्यांना विकायची नाही.

पाण्याचा ताळेबंद : डोंगरउतारावर सलग समतल चर, ओढ्यांवर बंधारे, जोडीला वृक्षलागवड. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत वर्षाचा हिशेब मांडला जातो. वाटणीत पहिला मान पिण्याच्या पाण्याला, मग जनावरांना, उरेल ते शेतीला. पाऊस कमी झाला, तर रब्बीचे क्षेत्र त्या प्रमाणात घटवतात.

पिके : ज्वारी, बाजरी, कांदा, भाजीपाला. ऊस आणि केळीसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई.

जोडधंदा : दूध. चरायला बंदी असली, तरी डोंगरावरचे गवत कापून नेता येते. चारा वाढला, तसे दूधही वाढले.