उघड्या चोचींची संध्याकाळ

मे महिना संपत आला की नागपूरला नवतपा सुरू होतो. दुपारी रस्ते ओस पडतात, झाडेही मुकी होतात. पाच वाजून गेले की परसदारी मात्र वर्दळ सुरू होते. कूलरखाली साचलेल्या पाण्यावर साळुंक्या भांडतात, कडुलिंबावर बुलबुल येतात, पाण्याच्या कुंड्याशी होले उतरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही ही गर्दी पाहतो तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. साळुंकी, कावळा, चिमणी यांच्या चोची उघड्या असतात आणि पंख अंगापासून थोडे दूर धरलेले असतात. आवाज तर काढत नाहीत. मग चोच उघडी का?

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवाच शरीराहून गरम झाली की उष्णता उलट आत येऊ लागते. अशा वेळी एकच मार्ग उरतो, तो बाष्पीभवनाचा. पक्षी चोच उघडून भराभर श्वास घेतो. तोंड, घसा आणि श्वासमार्गाच्या ओलसर अस्तरावरून पाण्याची वाफ होते व ती उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ओल्या ताट्या हवा थंड करतात, त्याच तत्त्वावर!

हा उपाय स्वस्त नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, हा फायदा. पण चिमणीचे वजनच जेमतेम २५ ग्रॅम. तिचे एक ग्रॅम पाणी गेले म्हणजे वजनाच्या चार टक्के गेले. पन्नास किलोच्या माणसाने दोन लिटर पाणी गमावण्यासारखेच हे आहे. म्हणून भर दुपारी पक्षी हालचाल टाळून सावलीत बसतात. रात्री त्यांना खाणेपिणे करता येत नाही. त्यामुळे दिवसभराची तूट सूर्यास्तापूर्वी, म्हणजे पावणेसातच्या आत भरून काढावी लागते. संध्याकाळच्या गर्दीचे कारण हे आहे.

सगळ्यांची तऱ्हा मात्र सारखी नसते. होल्याच्या त्वचेवाटेही बरेच बाष्पीभवन होते. तो कोरडे दाणे खातो, म्हणून त्याला पाणी लागतेच; आणि मान वर न करता तो ते सलग ओढून पितो. साळुंकी चोचीत घोट घेऊन मान वर करते. वेडा राघू पाण्यावर क्वचित दिसतो, कारण किड्यांमधूनच त्याला बरेचसे पाणी मिळते.

मृगाच्या तोंडावर पहिली सर येते. पारा उतरतो, पण हवा दमट होते. दमट हवेत पाण्याची वाफ सावकाश होते. कूलर निकामी होतो, तशीच पक्ष्याची धापही कमी उपयोगी पडते. म्हणून नुसता पारा पाहून पक्ष्याचा त्रास कळत नाही. हवेतला ओलावाही पाहावा लागतो.

सुटीत विद्यार्थ्यांना हे करायला सांगा. तापमापक सावलीत टांगा. पाच वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि दिसलेल्या साळुंक्यांपैकी किती जणींच्या चोची उघड्या होत्या ते मोजा. कोणत्या तापमानाला चोची मिटू लागतात? पहिल्या पावसानंतर तोच आकडा येतो का? दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वर्गात चर्चा करा.

सोबत एक उथळ मातीचे भांडे ठेवा. पाणी दोन-तीन बोटेच असावे, मध्ये एक दगड असावा. भांडे सावलीत पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी असावे आणि रोज घासावे. घाणेरड्या पाण्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. आपल्याला एवढेसे वाटणारे ते पाणी चिमणीसाठी दिवसभराचा हिशेब जुळवणारे असते.