किल्लारीचा दगड सूक्ष्मदर्शकाखाली

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतलं. वरचा काळा बेसाल्टच सुमारे ३३८ मीटर! त्याखालचा अतिप्राचीन खडक हाती आला, पण तो वाचायचा कसा?

सूक्ष्मदर्शकानं.

खडकाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. मग दगडातून चक्क उजेड आरपार जातो. ध्रुवीकृत प्रकाशात फेल्डस्पार करडा, पट्टेरी दिसतो. पायरॉक्सिन निळं, केशरी झळकतं. खनिजांच्या अशा जोड्यांवरून खडक किती तापमानाला, किती दाबाखाली घडला याचा अंदाज बांधता येतो.

शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकनं १६६५मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापातल्या पेशी दाखवल्या. दगडाची पाळी यायला जवळपास दोनशे वर्षं लागली. चकती घासून पाहण्याची ती पद्धत इंग्लंडच्या हेन्री सॉर्बीनं रुजवली.

नांदेड-लातूरच्या पोरांनी आपल्या वावरातला काळा दगड एकदा असा पाहावाच.