हुशार मुलें कशीं निवडतात?

हुशार मूल ओळखणें ही कांहीं अवघड गोष्ट नव्हे, असें पुष्कळांस वाटतें. जो भराभर उत्तरें देतो, ज्याची वही स्वच्छ असते व ज्याचा पहिला नंबर कधीं चुकत नाहीं तो हुशार. मग आणखी शोध तो कशाला करावयाचा? परंतु अमेरिकेंत असामान्य बुद्धीच्या मुलांसाठीं शाळांतून निराळे वर्ग चालवितात, आणि तेथील अनुभव कांहीं निराळेंच सांगतो. तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः पालकांपुढें मांडावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

बुद्धि मोजण्याची आधुनिक रीत 1905 सालीं फ्रान्समध्यें निघाली. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं ती तयार केली ती हुशार मुलांकरितां नव्हे, तर ज्यांस शिक्षणांत अधिक मदत हवी अशीं मुलें ओळखण्याकरितां. पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनीं 1916 सालीं तिची सुधारलेली आवृत्ति काढली. तींत सर्वसाधारण मुलाचा बुद्ध्यंक 100 धरितात. 130 किंवा त्याहून अधिक बुद्ध्यंक असलेलीं मुलें शेंकडा दोन-तीनच निघतात.

1921 सालीं टर्मन यांनीं कॅलिफोर्नियांतील सुमारें दीड हजार बुद्धिमान मुलें निवडून त्यांच्या आयुष्यक्रमाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पण परीक्षा घ्यावयाची कोणाची? बहुतेक ठिकाणीं शिक्षकांसच विचारलें कीं, तुमच्या वर्गांत सर्वांत हुशार कोण? त्यांनीं जीं नांवें दिलीं, त्या मुलांची परीक्षा झाली. विल्यम शॉक्ली व लुइस अल्व्हारेझ हे दोन मुलगे परीक्षेपर्यंत पोंचले, पण गुण कमी पडल्यामुळें यादींत आले नाहींत. पुढें 1956 सालीं शॉक्ली यांस व 1968 सालीं अल्व्हारेझ यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें! तात्पर्य, चांगलें धान्य दोन ठिकाणीं सांडतें: कांहीं चाळणींतून, आणि कांहीं चाळणीपर्यंत येण्यापूर्वींच.

यांपैकीं दुसरी सांड किती मोठी असते, हें फ्लोरिडा संस्थानांतील ब्रॉवर्ड जिल्ह्यांत दिसून आलें. तेथें पूर्वीं निवड मुख्यतः शिक्षकांच्या व पालकांच्या शिफारशीवर अवलंबून असे. सधन पालक खासगी मानसशास्त्रज्ञाकडून मुलाची परीक्षा करवून आणीत. गरिबांस तें परवडण्यासारखें नव्हतें. 2005 सालीं जिल्ह्यानें दुसऱ्या इयत्तेंतील सर्वच मुलांची एक प्राथमिक परीक्षा घेण्यास आरंभ केला. तींत भाषेचें काम जवळजवळ नव्हतें. आकृत्यांची एक मांडणी दाखवावयाची, तींतील एक जागा रिकामी ठेवावयाची, आणि तेथें कोणती आकृति बसेल तें मुलानें ओळखावयाचें. ज्याच्या घरीं इंग्रजी बोलत नाहींत, त्या मुलासहि हें जमण्यासारखें होतें. या परीक्षेंत जें मूल वर येई, त्यास मग एकटें बसवून त्याची सविस्तर बुद्धिपरीक्षा घेत.

वर्गांत प्रवेश देण्याची कसोटी पूर्वींचीच होती. ती तसूभरहि सैल केली नव्हती. तरी गरीब घरांतील निवडलेल्या मुलांचें प्रमाण सुमारें 180 टक्क्यांनीं वाढलें! डेव्हिड कार्ड व लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनीं 2016 सालीं हा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांस आढळलें कीं, गरीब मुलें, कृष्णवर्णीय मुलें, नव्यानें इंग्रजी शिकणारीं मुलें आणि मुली यांचीं नांवें जुन्या पद्धतींत कमी सुचविलीं जात. बुद्धि त्यांच्यापाशीं आधींच होती. विचारणारें कोणी नव्हतें. पुढें पैशाच्या टंचाईमुळें ही सार्वत्रिक परीक्षा बंद पडली, तेव्हां तें प्रमाण पुन्हा खालीं आलें.

यांत शिक्षकांचा दुष्टावा नाहीं. भरलेल्या वर्गांत जें डोळ्यांस दिसतें त्यावरून त्यांस ठरवावें लागतें, आणि डोळ्यांस दिसतात ते नीटनेटकेपणा, धिटाई व सफाईदार भाषा. जो मुलगा गणित मनांत सोडवून खिडकीबाहेर पाहात बसतो तो आळशी ठरतो. जी मुलगी उत्तर येत असूनहि हात वर करीत नाहीं ती सामान्य ठरते.

आपल्याकडेहि ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जवाहर नवोदय विद्यालयांचा आरंभ 1985-86 सालीं हरियाणांतील झज्जर व आपल्या अमरावती येथें झाला. सहाव्या इयत्तेंत प्रवेश देतांना तेथें निवडपरीक्षा घेतात, आणि निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांकरितां असतात. तरतूद उत्तम आहे. तथापि अर्ज भरल्यावांचून परीक्षेस बसतां येत नाहीं, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा अर्ज कोणा तरी मोठ्या माणसानेंच भरावयाचा असतो. ज्याच्या घरीं ही वार्ता पोंचली नाहीं, त्याच्यासाठीं ती राखीव जागा असून नसल्यासारखीच.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, आपलें मूल कसले प्रश्न विचारतें, कोणत्या गोष्टींत तहानभूक विसरतें, इकडे लक्ष द्यावें, आणि तें शिक्षकांस जरूर सांगावें. मुलीच्या बाबतींत तर हें दुप्पट काळजीनें करावें. विद्यार्थ्यांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, एका दिवसाच्या परीक्षेंत नांव आलें नाहीं म्हणजे बुद्धि नाहीं, असें ठरत नाहीं. आणि नांव आलें म्हणजे श्रम संपले, असेंहि नव्हे. शेजारच्या बांकावरील अबोल सोबत्यास एखादें कोडें घालून पाहा. तें त्यास सुटलें, तर शिक्षकांपाशीं त्याचें नांव काढण्यास संकोच करूं नका.