स्पोकचं चाक वाकलं? रिपेअर करायचं की बदलायचं, हे असं ठरवा

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाट उतरून मुरबाडकडे येत होतो. रस्त्यावर पाणी साचलं होतं. त्याखाली खड्डा आहे हे माझ्या अ‍ॅडव्हेंचर बाईकचं पुढचं चाक आत गेल्यावरच कळलं. पडलो नाही, हवाही गेली नाही. पण नंतर पन्नासच्या वर स्पीड गेला की हँडल थरथरायला लागायचं.

सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "पूर्ण चाक बदला." कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आऊट झालंय, तासाभरात काढून देतो." अर्थातच मी काकांचं ऐकलं. चाक एकदम सरळ दिसायला लागलं. आणि तीन आठवड्यांनी, भर हायवेवर, दोन स्पोक तुटले.

तेव्हा मी नीट अभ्यास केला. तोच इथे सोप्या भाषेत सांगतो.

स्पोकचं चाक काम कसं करतं?

मध्ये हब, बाहेर रिम आणि दोघांना जोडणाऱ्या स्टीलच्या तारा, म्हणजे स्पोक. बहुतेक बाईकच्या चाकात ते ३६ च्या आसपास असतात. प्रत्येक स्पोकच्या टोकाला निपल असतं. ते फिरवलं की स्पोक घट्ट किंवा सैल होतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: स्पोक फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. तार आहे ती, दाबली तर वाकणारच. सगळे स्पोक रिमला सारख्या ताकदीने हबकडे खेचतात आणि त्या ओढाताणीत चाक गोल आणि सरळ राहतं. आपण इंजिनिअर लोक सर्व्हरचं लोड बॅलन्सिंग करतो ना, तसाच प्रकार. एक स्पोक सैल झाला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो.

ऑफरोड बाईकला स्पोक आवडतात ते यामुळेच. जोराचा दणका बसला तर हे चाक थोडं लवचिकपणे वागतं, रिम वाकली तरी बऱ्याचदा घरापर्यंत आणते. कास्ट अलॉय व्हील तशाच दणक्यात तडकू शकतं.

नुकसान नेमकं कुठलं?

"चाक वाकलं" या दोन शब्दांत तीन वेगळे प्रकार लपलेले असतात.

१. बाजूला डुलणं: फिरताना रिम डावी-उजवीकडे जाते. हे बहुतेक वेळा स्पोकने सुधारतं.

२. वर-खाली उडणं: चाक पूर्ण गोल राहिलेलं नसतं. थोडं असेल तर स्पोकने सुधारतं.

३. रिमला पोचा किंवा तडा: इथे धातूच वाकलाय किंवा फाटलाय. हे एकट्या स्पोकने सुधारत नाही.

फोन घ्या, घरीच तपासा

बाईक मेन स्टँडवर लावा आणि तपासायचं चाक हवेत येईल असं करा. पुढच्या चाकासाठी इंजिनखाली भक्कम आधार द्या आणि एका मित्राला बाईक धरायला सांगा. फोर्कला एक झिप टाय बांधा आणि तिचं टोक रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर येईल असं कापा. आता चाक हाताने हळू फिरवा आणि ती जागा फोनवर स्लो-मोशनमध्ये शूट करा. टोक आणि रिममधलं अंतर कुठे कमी-जास्त होतं ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं. अनेक बाईकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

मग प्रत्येक स्पोकवर पान्ह्याने हलकं टकटक करा. ताणलेला स्पोक 'टिंग' वाजतो, सैल झालेला 'ठक'. एकाच बाजूच्या स्पोकचे आवाज साधारण सारखे यायला हवेत. शेवटी रिमच्या कडा आणि निपलच्या भोकांभोवतीची जागा टॉर्चने बघा. केसासारखी बारीक रेषा दिसली तर तो तडा असू शकतो. टायरच्या बाजूला फुगवटा आलाय का, तेही बघा.

आऊट कसा काढतात?

समजा, एका ठिकाणी रिम डावीकडे जातेय. मग तिथले उजव्या बाजूला जाणारे स्पोक थोडे घट्ट करायचे आणि डावीकडचे तेवढेच सैल. एका वेळी निपल पाव फेरा, फार तर अर्धा. मग चाक फिरवून पुन्हा बघायचं. एक बग काढताना दुसरा तयार होतो तसंच इथेही होतं, त्यामुळे घाई चालत नाही.

ट्यूब असलेल्या चाकात एक धोका असतो. निपल जास्त घट्ट केलं तर स्पोकचं टोक आत येऊन ट्यूबला टोचतं. म्हणून मोठं काम असेल तर टायर काढून, टोकं घासून, रिम टेप नवी लावून घ्यावी.

माझे स्पोक का तुटले?

माझ्या रिमला छोटा पोचा होता, म्हणजे तिथे रिम आत दबली होती. स्पोक ढकलू शकत नाही, त्यामुळे तो दबलेला भाग बाहेर काढणं त्याच्या हातात नव्हतं. काकांनी पोच्याजवळचे स्पोक सैल सोडले आणि आजूबाजूचे खूप ताणून चाक 'सरळ' दाखवलं. चाक डोळ्यांना ठीक दिसत होतं, पण ताण समान नव्हता. काही स्पोकवर जास्तीचा भार, काही ढिले. प्रत्येक फेऱ्याला ढिल्या तारा हलत राहिल्या आणि शेवटी हबजवळच्या वाकणावर तुटल्या.

म्हणून काम झाल्यावर चाक सरळ फिरतंय एवढ्यावर समाधान मानू नका. गॅरेजमधून निघायच्या आधी टकटक करून आवाज ऐका.

रिपेअर की नवी रिम?

स्टीलच्या रिमचा छोटा पोचा चांगला कारागीर दाबून किंवा ठोकून बाहेर काढू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची रिम वाकवून परत सरळ केली की तिथे ती ठिसूळ होते. गॅस टॉर्चने तापवली तर तिची मूळ ताकदच कमी होते. कोणी "तापवून सरळ करतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

नवी रिम घ्या, जर:
- कुठेही तडा असेल
- अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला खोल पोचा असेल
- स्पोक समान ताणले की चाक पुन्हा वाकडं होत असेल

ट्यूबलेस स्पोक चाकात अजून एक गोष्ट बघायची. बीएमडब्ल्यू जीएस किंवा हिमालयन ४५० च्या अशा चाकांत स्पोक रिमच्या कडेला जोडलेले असतात, म्हणजे हवेच्या भागात भोक नसतं. पण टायर जिथे बसतो ती कड वाकली तर हवा गळते. त्यामुळे इथे छोटा पोचाही महागात पडतो.

आणि "रिम गेली" म्हणजे "पूर्ण चाक गेलं" असं नाही. हब, बेअरिंग, डिस्क ठीक असेल तर फक्त रिम आणि स्पोक बदलून चाक पुन्हा विणता येतं. मीही शेवटी तेच केलं. विणायला देण्याआधी जुन्या चाकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि रिम हबच्या मानाने किती बाजूला आहे ते मोजून ठेवा. नव्या रिमची साईज, भोकांची संख्या आणि भोकांचा कोन जुळायलाच हवा. नवीन विणलेल्या चाकाचे स्पोक सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या.

रस्त्यातच स्पोक तुटला तर?

तुटलेली तार शेजारच्या स्पोकला टेपने किंवा झिप टायने घट्ट बांधा, म्हणजे ती ब्रेकमध्ये किंवा चेनमध्ये अडकणार नाही. मग हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा. मात्र एकमेकांशेजारचे दोन-तीन स्पोक गेले असतील किंवा तडा दिसत असेल तर बाईक टेम्पोत टाका. टेम्पोचं भाडं परवडतं, घाटात पुढचं चाक बसलं तर ते परवडत नाही.

आणि ऑफरोडसाठी हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्याला लागताच परत भरा. कमी हवेत खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.