सपाट खेळ आणि दोन डोळे

आपल्याकडे हल्ली मुलांबरोबर आई-बाबाही डोक्याला हेडसेट बांधून बसू लागलेत. पण पीसीवरचे बरेचसे खेळ मुळात सपाट पडद्यासाठी केलेले. खेळाला एकच कॅमेरा ठाऊक. हेडसेटला मात्र दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं हवीत, तीही सेकंदाला ९० वेळा. म्हणजे एका जोडीला जेमतेम ११ मिलिसेकंद! अनरियल इंजिनवरच्या खेळांत ही जोडी जुळवणारा ‘यूईव्हीआर’ हा फुकट प्रोग्राम २०२४ पासून सर्वांच्या हाती आहे.

तक्रार ठरलेली: “डोकं गरगरतं, मळमळतं.” मग हेडसेट कपाटात! आम्ही म्हणतो, थांबा. आधी एकेक डोळा मिटून पाहा. सावल्या किंवा पाणी एकाच डोळ्याला दिसतंय? मग ‘सिंक्रोनाइज्ड सिक्वेन्शियल’ पद्धत निवडा. तीत दोन्ही डोळ्यांची चित्रं आळीपाळीने तयार होतात. त्यामुळे हलत्या वस्तूंमागे पुसट शेपूट दिसू लागलं, तर खेळातलं ‘टीएए’ बंद करून बघा. माणसं भातुकलीतल्या बाहुल्यांएवढी दिसतात? ‘वर्ल्ड स्केल’ बदला. कंट्रोलरची काडी हलवली की जमीन झोपाळ्यासारखी कलते? ‘डीकपल्ड पिच’ चालू करा. चित्र अडखळत असेल तर सावल्या आणि रेझोल्यूशन उतरवा. लगेच नवं ग्राफिक्स कार्ड आणायला धावू नका बुवा.

एक मात्र पाळाच. ऑनलाइन, इतरांबरोबरच्या सामन्यात हे लावू नका. लबाडी पकडणारी यंत्रणा खातंच बंद करू शकते, आणि खातं मुलाचं असेल तर घरातला अबोला वेगळाच!