गोळी गिळली, पण पोचली का?

मांजराने गोळी गिळली की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. पण गिळलेली गोळी लगेच पोटात पोचते, हे आपलं गृहीतच कच्चं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० मांजरांना गोळ्या देऊन त्यांचा प्रवास क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहिला गेला. कोरड्या दिलेल्या गोळ्यांपैकी पाच मिनिटांनंतरही एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक जठरात उतरल्या होत्या. पाठोपाठ ६ मिलिलिटर पाणी दिलं, तेव्हा अर्ध्या मिनिटात दहातल्या नऊ खाली गेल्या.

बहुतेक औषधांत ही दिरंगाई खपून जाते. म्हणूनच ‘आम्ही वर्षानुवर्षं अशाच गोळ्या देतो, काही होत नाही’ हा अनुभव खोटा नाही. तो डॉक्सिसायक्लिनला लावणं मात्र धोक्याचं. श्वसनमार्गाच्या संसर्गावर सर्रास दिल्या जाणाऱ्या या प्रतिजैविकाचं हायक्लेट हे रूप पाण्यात विरघळलं की चांगलंच आम्लधर्मी होतं. गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली तर अस्तर भाजतं आणि जखम भरताना नळी आवळत जाते. त्रास दिसतो काही दिवसांनी, कधी औषध संपल्यावर, त्यामुळे गोळीवर संशय जात नाही. मांजर भुकेने वाटीकडे धावतं, चार घास खातं आणि ते न पचलेले, लाळेने माखलेले तसेच बाहेर टाकतं. घरचे याला उलटी म्हणतात आणि उपचार पोटावर सुरू होतात. खरं तर उलटीच्या आधी पोट जोरजोरात आत-बाहेर होतं. इथे मान खाली जाते आणि अन्न नुसतं घरंगळतं. मोबाइलवर टिपलेली ही अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा जास्त सांगते. साध्या एक्स-रेत अरुंद झालेली नळी बहुधा दिसत नाही. बेरियम पाजून किंवा दुर्बिणीतून पाहावं लागतं. मग भूल देऊन फुग्याने ती रुंदावायची, तीही बहुतेकदा एकाहून अधिक वेळा.

जबरदस्तीने पाजलेलं पाणी फुप्फुसात गेलं तर, ही शंका रास्त आहे. म्हणून डोकं मागे न वाकवता, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेतून थोडं थोडं पाणी सोडावं आणि प्रत्येक घोट गिळू द्यावा. तेही जमत नसेल तर गोळीमागून मऊ खाणं चारावं. दूध मात्र नको, कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. पातळ औषध मिळत असेल तर डॉक्टरांकडे तेच मागावं.